येळवशीच्या करडांचं रक्त

पशुसखीचं प्रशिक्षण घेतलं तेव्हा कामाची यादी सरळ होती. जंताचं औषध पाजायचं, लसीकरणाला मदत करायची, गाभण शेळीकडं लक्ष द्यायचं आणि शेळी अंदाजानं न विकता वजनावर विकायला बायांना शिकवायचं. ‘उमेद’ या सरकारी अभियानातल्या आमच्या बचत गटानं माझं नाव सुचवलं आणि मी हे काम घेतलं. करडाच्या रक्ताचा रिपोर्ट हातात घेऊन बसायची वेळ येईल, असं त्या यादीत कुठंच नव्हतं. माझं शिक्षण कला शाखेचं. हिमोग्लोबिन हा शब्द मला माहीत झाला तो माझ्या पहिल्या बाळंतपणात, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हा.

औसा तालुक्यातल्या आमच्या गावात घरटी दोन-चार शेरडं असतातच आणि ती बहुतेक उस्मानाबादी. काळीभोर, लोंबत्या कानांची, जुळं देणारी. धाराशिव, लातूर, सोलापूर हा या जातीचा मूळ मुलूख. सोयाबीन हातचं गेलं, तुरीला भाव मिळाला नाही, तर शाळेची फी आणि दवाखाना शेळीवर निघतो. म्हणून खुरटलेलं करडू दिसलं की घरातली बाई अस्वस्थ होते. मला बोलावणं येतं ते अशाच वेळी.

शेजारच्या मावशींची शेळी व्याली होती. जुळं झालं, एक बोकड आणि एक पाठ, म्हणजे मादी करडू. संक्रांत होऊन गेल्यावर मावशी म्हणाल्या, “बाई, बोकड बग कसा उड्या मारतंय. पाठ मात्र वाढंना गेलीय. मी पाजते की गं दोघांना.” सरकारी दवाखान्याचे डॉक्टर गावात आले होते, त्यांना मी घेऊन गेले. त्यांनी दोन्ही करडांचं रक्त घेतलं. गळ्याच्या शिरेतून, दोन-दोन नळ्यांत थोडंथोडं. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू न देणारं औषध असतं, त्यात पेशी मोजतात. लाल टोपणाच्या नळीतलं रक्त गोठू देतात आणि वर सुटणाऱ्या पिवळसर पाण्यातून, म्हणजे सीरममधून, बाकीच्या तपासण्या करतात. बोकड तर ठणठणीत होतं. त्याचं रक्त कशाला, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

रिपोर्ट माझ्या फोनवर आला. दोन्ही करडांच्या आकड्यांपुढं बाणच बाण होते. हिमोग्लोबिनपुढं खाली बाण. अल्कलाइन फॉस्फेटेज नावाच्या ओळीत आकडा छापील मर्यादेच्या कितीतरी वर. साखर जास्त, प्रथिनं कमी. पांढऱ्या पेशींच्या टक्क्यांपुढंही बाण. खुरटलेल्या पाठीचा रिपोर्ट खराब आला असता तर मी समजू शकले असते. पण अंगणात मावशींच्या बाजेवर उड्या मारणाऱ्या बोकडाच्या कागदावरही तेच बाण होते. कागद खरा मानावा तर ते उड्या मारणारं करडू आजारी होतं, आणि करडू खरं मानावं तर कागदाला काही अर्थच उरत नव्हता. मावशी विचारत होत्या, “काय आलंय गं?” माझ्याकडं उत्तर नव्हतं.

डॉक्टरांना कागद दाखवला तर त्यांनी एकही आकडा वाचायच्या आधी विचारलं, “ताई, करडं किती दिवसांची आहेत?” रिपोर्टवर वयाच्या जागी नुसतं ‘करडू’ लिहिलेलं होतं. मावशी पटकन म्हणाल्या, “येळवशीच्या आदल्या दिवशी व्याली की. शेतात न्यायला भज्जी-आंबील करायची लगबग, आन् तेवढ्यात ही व्याली.” मार्गशीर्षातली वेळा अमावस्या आमच्या लातूर-धाराशिवकडं कुणी विसरत नाही. डॉक्टरांनी बोटावर मोजलं. करडं रक्त घेतलं त्या दिवशी जेमतेम तीन आठवड्यांची होती. ते म्हणाले, “कागदावरची मर्यादा मोठ्या शेळीची आहे. तीन आठवड्यांच्या करडाचं रक्त तसं नसतंच.” मग ओट्यावर बसून त्यांनी एकेक ओळ समजावली.

हिमोग्लोबिनपासून सुरुवात झाली. मोठ्या शेळीत ते १०० मिलिलिटर रक्तात साधारण ८ ते १२ ग्रॅम असतं. माझं गरोदरपणी ९ झालं होतं तर सगळे काळजीत पडले होते, शेळीला ९ म्हणजे ठीकठाक. तिच्या तांबड्या पेशी पाळीव जनावरांत सगळ्यांत लहान असतात, पण संख्या मोठी. माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात अशा सुमारे ५० लाख पेशी, तर शेळीच्या ८० लाख ते १ कोटी ८० लाख. करडू जन्मतं तेव्हा त्याचं हिमोग्लोबिन बऱ्यापैकी असतं, मग पहिल्या काही आठवड्यांत ते उतरतं. अंग झपाट्यानं वाढतं, रक्तातलं पाणी वाढतं, पोटातल्या काळातल्या पेशी मोडीत निघतात आणि नव्या पेशींसाठी लागणारं लोह दुधात फार थोडं असतं. करडू पाला खुडायला लागलं की आकडा पुन्हा चढायला लागतो.

त्याहून मला नवल वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. करडाचं हिमोग्लोबिन नुसतं कमी-जास्त होत नाही, त्याचा प्रकारच बदलतो. आईच्या पोटात एक, जन्मल्यावर काही महिने दुसरा आणि मोठेपणी तिसरा. मधला प्रकार माणसाच्या बाळात नसतो, आपल्याकडं पोटातल्या हिमोग्लोबिनची जागा थेट मोठेपणीचं घेतं. मोठी शेळी रक्त कमी होऊन अगदी पांढरी पडली, तर तिचं शरीर लहानपणीचं हिमोग्लोबिन पुन्हा बनवू लागतं. शरीर हा बदल कसा घडवतं हे समजून घेण्यासाठी शास्त्रज्ञांनी शेळ्या-मेंढ्यांचा पुष्कळ अभ्यास केला. आपल्या विदर्भातल्या आदिवासी भागात सिकलसेलनं मुलं तळमळतात. त्या आजारातही रक्तात पोटातल्या काळातलं हिमोग्लोबिन वाढवणारं औषध देतात. हे ऐकल्यापासून मला आमच्या गोठ्यातल्या जनावराबद्दल वेगळाच आदर वाटतो.

फॉस्फेटेजच्या बाणानं मी सगळ्यांत घाबरले होते, कारण लिव्हर बिघडलं की ते वाढतं असं कुणीतरी सांगितलं होतं. पण हे द्रव्य हाडांतूनही येतं. हाडं वाढत असतात तोवर ते रक्तात भरपूर असतं आणि वाढ मंदावली की खाली येतं. तीन आठवड्यांच्या करडात ते जास्तच असायला हवं. साखरेचंही असंच. मोठ्या शेळीच्या रक्तात साखर १०० मिलिलिटरला साधारण ५० ते ७५ मिलिग्रॅम असते, कारण ती खाल्लेला चारा पहिल्या पोटात आंबवते आणि त्यातून निघणाऱ्या आम्लांवर जगते. जन्मलेल्या करडाचं ते पोट लहान आणि रिकामं असतं. प्यालेलं दूध त्याला वळसा घालून थेट चौथ्या पोटात उतरतं. म्हणजे दुधावरचं करडू दुधातल्या साखरेवर जगतं आणि त्याच्या रक्तात साखर जास्त दिसते. दोन-तीन महिन्यांत पहिलं पोट कामाला लागलं की आकडा शेळीच्या आकड्याकडं उतरतो. पांढऱ्या पेशींत जन्मताना न्यूट्रोफिल जास्त असतात, मग काही आठवड्यांत लिम्फोसाइट पुढं जातात. हा टप्पा करडू ओलांडत असताना रक्त घेतलं तर टक्के छापील मर्यादेत बसत नाहीत.

मग उरली प्रथिनांची ओळ. दोन्ही करडांपुढं खाली बाण होता. डॉक्टरांनी मात्र दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि माझ्या लक्षात आलं की बाकी सगळ्या ओळींत ही भावंडं एकमेकांच्या जवळ होती, फक्त इथं पाठ बोकडापेक्षा बरीच खाली होती. ठणठणीत बोकडाचं रक्त त्यांनी का घेतलं होतं, ते आता कळलं. दोघांचं वय एक, आई एक, दावं एक. त्यांच्यातला फरक वयामुळं असूच शकत नव्हता. डॉक्टरांनी मग त्याचं कारण सांगितलं.

माणसाच्या बाळाला आजाराशी लढणारी प्रथिनं आईच्या पोटातच मिळतात. शेळीच्या वारेतून ती जात नाहीत. करडू अगदी रिकामं जन्मतं आणि त्याला जे मिळायचं ते चिकातून. आतडं ही प्रथिनं जशीच्या तशी रक्तात घेतं ते पहिले काही तासच. बारा तासांनंतर ही ताकद वेगानं घटते, दिवसभरात जवळजवळ संपते. करडाच्या वजनाच्या दहाव्या भागाएवढा चीक पहिल्या दिवसात पोटात गेला पाहिजे, म्हणजे दोन किलोच्या करडाला २०० मिलिलिटर. त्यातला बराचसा पहिल्या दोन-चार तासांत.

मावशी गप्प झाल्या होत्या. मग हळूच म्हणाल्या, “जार पडल्याबिगर पाजायचं नसतं म्हणून थांबले व्हते मी. बोकड आपलं आपणच जाऊन चिकाटलं. पाठ बारकी, तिला उशिरा लावलं.” आमच्याकडं घरोघरी हेच सांगतात, माझ्या आजीनंही हेच सांगितलं असतं. डॉक्टर त्यांना एका शब्दानं लागट बोलले नाहीत. जार आपली आपण पडते, उलट पिलू प्यायलं की लवकर पडते, एवढंच समजावलं. पाठीला बाटलीनं वरचं दूध सुरू केलं, कोरडी ऊबदार जागा दिली. ती वाढली, पण भावाच्या मागंच राहिली.

हार्मोनबद्दल मी नंतर विचारलं, कारण कागदावर ती ओळच नव्हती. त्या तपासण्या गावपातळीवर होत नाहीत. सीरम वेगळं करून थंड ठेवावं लागतं आणि त्या संशोधनासाठीच जास्त करतात. पण हार्मोनचं काम गोठ्यात रोज दिसतं. जन्माच्या वेळी करडाच्या रक्तात कॉर्टिसॉल खूप चढलेलं असतं. कळा सुरू व्हायचा इशारा करडाच्या शरीरातूनच निघतो आणि त्याच हार्मोननं त्याची फुप्फुसं श्वास घ्यायला तयार होतात. न्यूझीलंडचे डॉक्टर ग्रॅहम लिगिन्स यांनी हे मेंढ्यांवर काम करताना पाहिलं आणि १९७२ मध्ये रॉस हाउई यांच्यासोबत गरोदर बायांवरच्या चाचणीचे निष्कर्ष मांडले. माझ्या जावेला सातव्या महिन्यात कळा आल्या, तेव्हा बाळाच्या फुप्फुसांसाठी जे इंजेक्शन दिलं, त्याचं मूळ मेंढीच्या गोठ्यात आहे, हे कळल्यावर मी तिला मुद्दाम जाऊन सांगितलं.

थायरॉइडचं हार्मोनही पहिल्या दिवसांत मोठ्या शेळीपेक्षा कितीतरी जास्त असतं आणि पुढच्या आठवड्यांत उतरतं. ओलं करडू पौष-मार्गशीर्षाच्या थंडीत अंगातली चरबी जाळून ऊब धरतं, ते त्याच्या जोरावर. नर करडांत टेस्टोस्टेरॉन तीन-चार महिन्यांपासून वाढायला लागतं. म्हणून त्या वयात बोकड पाठींपासून वेगळे करायचे, नाहीतर कोवळ्या पाठी गाभण राहतात. प्रशिक्षणात हा नियम मी पाठ केला होता. त्यामागं काय आहे, ते आता कळलं.

हे सगळं खरं कामाला आलं ते पावसाळ्यात. पाडव्याच्या सुमारास जन्मलेलं एक करडू श्रावणात पांढरं पडलं. पापणी उलटून पाहिली तर आतली लाली नव्हती. त्याचंही हिमोग्लोबिन कमी आलं, येळवशीच्या करडांएवढंच. पण हे चार महिन्यांचं, पाला खाणारं, बाहेर चरणारं करडू. दुधातल्या लोहाचं कारण इथं लागू नव्हतं. पावसाळ्यात ओल्या गवतातून पोटात जाणारा एकेक हिमोंकस जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त पितो. ५०० जंत झाले तर रोज २५ मिलिलिटर, आणि दहा किलोच्या करडात एकूण रक्तच साधारण ७०० मिलिलिटर. लेंड्या तपासल्या, वजनाप्रमाणं औषध दिलं. तोच आकडा तीन आठवड्यांच्या करडात वाट पाहा म्हणत होता आणि चार महिन्यांच्या करडात आजच हालचाल कर म्हणत होता.

बाजारात दात पाहून वय सांगतात. पण शेळीला पहिले दोन कायमचे दात येतात तेच वर्ष उलटल्यावर, त्याआधी सगळे दुधाचेच. रक्ताचे आकडे ज्या वयात आठवड्याआठवड्याला बदलतात, त्याच वयात दात काही सांगत नाहीत. उरते ती फक्त नोंद. म्हणून आमच्या गटातल्या प्रत्येक घरात आता एक वही आहे. त्यात करडाची जन्मतारीख, जन्माचं वजन आणि पहिला चीक किती वाजता पाजला, एवढंच लिहायचं. तारीख आठवत नसेल तर सण लिहायचा, मी कॅलेंडर पाहून तारीख काढते. पीपीआर रोगाची लस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात द्यायची, आईकडून आलेली प्रथिनं ओसरल्यावर. तीही आता याच वहीवरून ठरते.

एक मागणी मनापासून करते. उदगीरला १९८७ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, परभणीला त्याहून जुनं. या शाळांत शिकलेले डॉक्टरच आमच्या गावांत येतात. उस्मानाबादी करडाचं रक्त पहिल्या दिवशी, तीन आठवड्यांनी, दोन महिन्यांनी, सहा महिन्यांनी कसं असावं, याचा एक मराठी तक्ता या महाविद्यालयांनी आमच्यासाठी छापावा. प्रयोगशाळांनी वयाचा रकाना भरल्याशिवाय करडाचा नमुना घेऊ नये. आणि गोठ्यातल्या बायांनो, डॉक्टरांनी करडाला सुई लावायच्या आधी त्यांना वय सांगा. त्यांनी विचारलं नाही तरी सांगा.