आमच्या पाड्याची खबर

आपल्या हॉस्टेलच्या नोटीस बोर्डवर सगळ्या बातम्या असतात. सबमिशनची तारीख, मेसचं बिल थकवणाऱ्यांची यादी, 'गरम पाणी सकाळी ६ ते ७ फक्त', आणि कोपऱ्यात कुणाचा तरी हरवलेला कॅल्क्युलेटर. पण खऱ्या बातम्या कळतात त्या रविवारी रात्री, घरचे फोन झाल्यावर. आमच्या रूममध्ये तेव्हा अगदी आकाशवाणी केंद्र सुरू होतं! कुणाच्या मावसबहिणीचा साखरपुडा ठरलेला असतो, कुणाच्या सोसायटीत गणपतीच्या वर्गणीवरून भांडण झालेलं असतं. सगळ्यांचं सांगून झालं की माझ्याकडे वळून विचारतात, "आणि तुझ्याकडे काय नवीन?"

मी दोन वर्षं एकच उत्तर देत आले. "काही विशेष नाही गं."

मित्रांनो, हे साफ खोटं होतं. का खोटं बोलत होते, तेच आज लिहायचं आहे. पाचवीपासून कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी थोडं तिरपागडं आहे, तेवढं सांभाळून घ्या.

मी तलासरी तालुक्यातली, वारली. आमच्या पाड्यापासून गुजरातची हद्द हाकेच्या अंतरावर. तुम्ही मुंबईहून अहमदाबादला हायवेनं गेला असाल तर आमच्या भागातून नक्की गेला आहात, फक्त थांबला नसाल! आमच्या भागाची बातमी पेपरात येते तीही अशीच, जाता जाता. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे धक्के बसायला लागले आणि लोक थंडीत घराबाहेर झोपायला लागले, तेव्हा कॉन्व्हेंटच्या लायब्ररीत मी पहिल्यांदा 'डहाणू' हा शब्द इंग्रजी पेपरात छापलेला पाहिला. नंतर बुलेट ट्रेनच्या जमिनी आल्या, २०२४ मध्ये वाढवण बंदराचं भूमिपूजन आलं. कुपोषण तर अधूनमधून असतंच. वाचणाऱ्याला वाटावं, इथली माणसं फक्त हादरतात, उपाशी राहतात आणि विस्थापित होतात. हे सगळं खरं आहेच, त्यातलं काहीच मी नाकारत नाही. पण आमच्याकडे रोजची खबरही असते, आणि ती कुठल्याच पेपरात येत नाही.

पाड्यावर खबर पायी येते. हल्ली मोबाईल आहेत, रेंज असेल तर व्हॉट्सॲपही आहे. पण लग्नाचं आमंत्रण घेऊन आजही माणूस घरोघर जातो, ओट्यावर बसतो, पाणी पितो, भाताचं कसं आहे, बैल कसा आहे ते विचारतो आणि मग निघताना मुद्द्याचं बोलतो. माझा आजा म्हणतो की फोनवर सांगितलेलं लग्न म्हणजे ऐकीव लग्न. बारसं असो, मयत असो, कुणी वीटभट्टीवर निघालेलं असो, कुणी खलाशी म्हणून गुजरातच्या बोटीवर गेलेलं असो, सांगायला माणूस आला पाहिजे आणि ऐकणाऱ्यानं कामातून हात काढला पाहिजे.

आजाला खबरीचं इतकं का, ते मला बऱ्याच उशिरा कळलं. आमच्या तालुक्यातल्या झरी गावात २३ मे १९४५ रोजी किसान सभेची मोठी सभा झाली. पाचेक हजार वारली जमले आणि आता वेठबिगार करायची नाही असं त्यांनी ठरवलं. ना पत्रकं, ना वाचता येणारी माणसं! पाड्यापाड्यावर निरोप पोचला तो तोंडीच. आजाचा बाप त्या सभेला गेला होता, असं आमच्या घरात सांगतात. पण त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्यात उलटं घडलं. गोदावरी परुळेकरांच्या नावानं कुणीतरी खोटा निरोप फिरवला. रातोरात हजारो वारली गोळा झाले आणि पोलिसांनी त्यांच्यावर गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण गेले. गोदूताईंचं 'जेव्हा माणूस जागा होतो' आपल्या लायब्ररीतही आहे, जरूर वाचा. आजही दर वर्षी १० ऑक्टोबरला तिकडे हुतात्म्यांना लाल सलाम देतात. तेव्हा खबर आणणारा कोण आहे आणि तो खरं बोलतोय का, हा आमच्याकडे नुसता गप्पांचा विषय नाही.

आणि मी? मी तर दोन वर्षं खबरच दाबून बसले होते.

त्याला एक कारण होतं. फर्स्ट इयरला एकदा रूमवर सगळ्याजणी आपापल्या आईच्या लग्नाचे फोटो दाखवत होत्या. शालू, नथ, मुंडावळ्या. "तुझ्या आईचा दाखव ना!" मी म्हटलं, "नाहीयेत गं, पावसात खराब झाले." खरं तर फोटो आहे. तीन वर्षांपूर्वी मामेभावानं मोबाईलमध्ये पाठवलेला. प्रॉब्लेम एवढाच की त्या फोटोत मी आहे. आठ वर्षांची, पिवळा फ्रॉक घातलेली, आईबाबांच्या मधे उभी.

आमच्यात असं चालतं. दोघांचं जमलं, घरच्यांना पटलं, की ती एकत्र राहायला लागतात. लग्न म्हणजे अख्ख्या पाड्याला जेवण आणि तेवढे पैसे हातात आले पाहिजेत. ते कधी दोन वर्षांनी येतात, कधी वीस वर्षांनी. मुलाच्या लग्नाच्या मांडवात आईबापांचंही लग्न लागलेलं मी पाहिलं आहे. त्यात कुणालाच काही वाटत नाही. माझ्या आईबाबांचं लग्न मी तिसरीत असताना लागलं. बायकांनी कुडाच्या भिंतीला गेरू लावला आणि तांदळाच्या पिठानं चौक काढला, त्यात पालघट देवी. आमच्याकडे लग्न धवलेरी लावते. म्हणजे बाईच, आणि तीही पोथी न उघडता, सगळं पाठ गाऊन. मला काम होतं दिव्यात तेल घालायचं. रात्रभर जागले मी! इतकं सुंदर लग्न मी अजून दुसरं पाहिलं नाही.

पण पाचवीला आदिवासी विकास विभागाच्या योजनेतून माझा इंग्रजी निवासी शाळेत नंबर लागला, आणि तिथे पहिल्याच महिन्यात मी हे एका मुलीला सांगितलं. ती हसली नाही. फक्त म्हणाली, "मग त्याच्या आधी तू कोण होतीस?" मी दहा वर्षांची होते. उत्तर आलं नाही. त्या दिवसापासून मी खबर द्यायची बंद केली. आजाला 'तू' म्हणायचे ते 'तुम्ही' म्हणायला लागले. आमच्यात आज्यालाही 'तू'च म्हणतात. तो इकडेतिकडे बघायला लागला की ही कुणाशी बोलतेय!

मग आलं आपलं गेल्या वर्षीचं गॅदरिंग. नाव कुणाचं घेत नाही आणि राग तर आता अजिबात नाही. पण 'आदिवासी नृत्य' नावाचा एक आयटम झाला, आठवतोय? तोंडाला काळा रंग, कमरेला पानं, हातात भाले आणि 'हू हा हू हा'. शिट्ट्या पडल्या, वन्स मोअर मिळाला. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. शेजारची म्हणाली, "कसली भारी कॉमेडी आहे ना!" मी मान हलवली. वर टाळ्याही वाजवल्या. रूमवर येऊन डोकं दुखतंय म्हणून झोपले.

दिवाळीला घरी गेले. विरारहून डहाणू लोकल, पुढे एसटी, पुढे चालत. आमच्याकडे दिवाळीची सुरुवात वाघबारशीला होते. शिवेवरच्या वाघदेवाला मान दिल्याशिवाय बाकी काही नाही. भात कापणीला आलेला असतो, नवा तांदूळ देवाला दाखवून मगच खायचा. घरात करांदे शिजतात, चवळी शिजते. काकडी किसून तांदळाच्या पिठात कालवायची आणि पानात गुंडाळून उकडायची. आणि संध्याकाळी आजा तारपा काढतो.

तारपा म्हणजे वाळलेला दुधी, त्याला खाली बांबूच्या दोन नळ्या आणि टोकाला ताडाच्या पानाचा कर्णा. सांधे मेणानं बुजवलेले. आजा वाजवायला लागला की मधे थांबत नाही, श्वास घ्यायलासुद्धा नाही. गाल फुग्यासारखे भरलेले ठेवतो, त्यातली हवा आत सोडता सोडता नाकानं नवीन घेतो. फ्लुइड मेकॅनिक्सच्या तासाला सर साठवणीच्या टाकीबद्दल शिकवत होते तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आजाचे गालच आले होते! तारप्याचा आवाज शेतं ओलांडून पलीकडच्या पाड्यावर जातो. तीच खबर. वेगळं बोलावणं लागत नाही. हातातली भाकरी ठेवून माणसं येतात. एकमेकांच्या कमरेला हात घालून रांग धरतात आणि तारपेवाल्याच्या मागून गोल फिरतात. त्याच्याकडे पाठ करायची नाही. तो सूर बदलेल तशी पावलं बदलायची. पहिल्या माणसाच्या हातात काठी असते, ती जमिनीवर आपटली की वळण.

त्या रात्री मी रांगेत गेले नाही. ओट्यावर बसून राहिले. मधे आजा दम खायला आला आणि बाजूला टेकला. त्याचं वारलीतलं बोलणं मला लिहिता येत नाही, म्हणून पुस्तकी मराठीत लिहिते.

"पाय दुखतात?"

"नाही."

"मग?"

मी त्याला गॅदरिंगचं सांगितलं. पानं, भाले, काळा रंग, सगळं. तो आधी खूप हसला. इतका हसला की खोकला आला. म्हणाला, "पानं? थंडी नाही वाजली त्यांना?" मग गप्प झाला आणि विचारलं, "तू काय सांगितलंस त्यांना?"

"काही नाही."

"का?"

मी काहीच बोलले नाही. त्यानं तारप्याचं तोंड धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि म्हणाला, "खबर घेऊन निघालेला माणूस वाटेतच बसून राहिला, तर पुढच्या पाड्याला कसं कळायचं, की इथे लग्न आहे? त्यांची काय चूक?"

एवढंच बोलला आणि उठून परत वाजवायला गेला. मी थोडा वेळ बसले आणि मग रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले. शेवटच्या बाईनं मागे न बघताच हात मागे केला.

सुट्टी संपवून आले ती पिशवीत नवा तांदूळ घेऊन. रविवारी रात्री फोन झाले आणि नेहमीचा प्रश्न आला. मी मोबाईल काढून आईच्या लग्नाचा फोटो दाखवला. "ही आई, हे बाबा, आणि मधे पिवळ्या फ्रॉकमध्ये मी." दोन मिनिटं शांतता. माझे कान तापले होते. मग एक जण किंचाळली, "म्हणजे तू आईच्या लग्नात जेवलीस? लकी आहेस यार! मला तर अल्बम बघूनच समाधान मानावं लागतं!"

दुसरी मात्र गप्प होती. ती त्या आयटममध्ये होती, हे मला माहीत होतं. दिवे मालवल्यावर ती अंधारात म्हणाली, "तू तेव्हाच का नाही बोललीस? मी रात्रभर बसून पानं शिवली होती." आवाजात थोडा राग होता, आणि मला वाटतं, थोडं रडूही. मी म्हटलं, "चुकलंच माझं." ती म्हणाली, "माझंही." मग आम्ही दोघी बराच वेळ जाग्या होतो.

सगळं गोड झालं असं काही नाही. यंदा गॅदरिंगच्या कमिटीनं मला 'खरा तारपा डान्स' बसवायला सांगितलं. चार मिनिटांचा स्लॉट, गाणं पेन ड्राइव्हवर आणून द्यायचं. मी सांगितलं की तारपा रात्रभर चालतो आणि वाजवणारा समोर लागतो. आजाला आता एवढा प्रवास झेपत नाही. पाड्यावर दुसरा वाजवणारा माझा चुलतभाऊ, तो बोटीवर गेलाय, पावसाळ्याआधी येत नाही. दिवाळीत आमच्याकडेसुद्धा मधेच बेंजोवाले येतात आणि पोरं तिकडे पळतात. त्यामुळे यंदा स्टेजवर तारपा नाही. पण पानंही नाहीत, एवढं ठरलं.

आपल्या हॉस्टेलच्या जिन्यात कुणीतरी मागे वारली चित्र काढलं आहे, येता-जाता पाहिलं असेल. गंजाडच्या जिव्या सोमा मशेंना याच कलेसाठी २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. आपलं जिन्यातलं चित्र चांगलं आहे, फक्त एक चूक आहे. नाचणाऱ्यांचं वर्तुळ पूर्ण बंद केलंय. आमची रांग बंद नसते. तिला शेपूट असतं आणि शेवटच्या माणसाचा एक हात मोकळा असतो. उशिरा येणाऱ्यानं तोच धरायचा. वॉर्डन मॅडमनी परवानगी दिली तर पांढरा रंग आणून मी ते दुरुस्त करीन म्हणते.

तोवर ही आमच्या पाड्याची खबर. भात बरा झाला. मोठ्या काकीला नात झाली. शेजारचे दोघे बारा वर्षांच्या संसारानंतर यंदा लग्न करणार आहेत, चैत्रात, महालक्ष्मीच्या यात्रेनंतर. त्यांच्या दोन्ही मुलांना नवे कपडे शिवायला टाकलेत.

आमंत्रण सगळ्यांना आहे. फोनवर नाही, मी स्वतः सांगायला आले आहे असं समजा.