काळारामाचे दार

देव मानला नाही तर माणूस नीतीने वागेल कशासाठी, असे विचारणारे लोक मला वरचेवर भेटतात. जगात सांडले तेवढे रक्त धर्मापायीच सांडले, असे छातीठोकपणे सांगणारेही भेटतात. दोघांचे बोलणे एकदा सुरू झाले की पुढ्यातला चहा निवला तरी थांबत नाही. अशा वेळी मला वाटते, या दोघांनाही हाताला धरून पंचवटीत न्यावे आणि काळारामाच्या दारापाशी उभे करावे.

दार तसे साधेच. देऊळ मात्र देखणे. पेशवाईत सरदार ओढेकरांनी ते काळ्या दगडात बांधले. 2 मार्च 1930 रोजी त्या काळी अस्पृश्य गणल्या गेलेल्या हजारो माणसांची मिरवणूक डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथवर आली आणि दरवाजे बंद झाले. मंडळी शांतपणे गोदावरीच्या काठी गेली, तिथे सभा झाली आणि दुसऱ्या दिवसापासून स्त्री-पुरुष सत्याग्रही दारांशी येऊन बसले. गांधीजी दांडीला निघाले ते यानंतर दहा दिवसांनी!

आमची आजी तेव्हा पंचवटीत नुकतीच सून म्हणून आली होती. रामाचे दर्शन घेतल्याशिवाय ती तोंडात पाणी घेत नसे. दार लागले ते तिच्याही तोंडावर लागले. "वनवास कैकेयीने दिला, हा कोंडवास कुणी दिला?" असे ती म्हणे. 9 एप्रिलला रामाचा रथ निघायचा होता. दोन्ही बाजूंनी मिळून तो ओढायचा, असा समेट झाला होता. पण आयत्या वेळी रथ पळवून नेला आणि पाठोपाठ दगडांचा वर्षाव सुरू झाला. आजीने माडीवरून ते पाहिले. दगड मारणाऱ्यांत काही ओळखीचे चेहरे होते. त्यांच्या घरी ती हळदीकुंकवाला जात असे, आणि त्या साऱ्यांना रामरक्षा तोंडपाठ होती.

थोरले काका कट्टर नास्तिक. आगरकरांचे निबंध त्यांच्या उशाशी असत. "पाहिलेस ना आई, तुझ्या रामाचे भक्त!" असे ते तिला डिवचत. परंतु काकांना रशियाचेही फार कौतुक होते, आणि तिथेच आजी त्यांना गाठी. काळारामाचा सत्याग्रह चालू होता त्याच काळात, 5 डिसेंबर 1931 रोजी, मॉस्कोतले ख्रिस्ताचे भव्य मंदिर सरकारी हुकमाने सुरुंग लावून उडवले गेले. पुढे 1937-38 मध्ये हजारो धर्मगुरू गोळ्यांना बळी पडले. देव नाही हे तिथे सरकारनेच ठरवले होते. "मग तिथला सुरुंग कुठल्या रामाच्या भक्ताने लावला रे?" आजी विचारी. काका वर्तमानपत्र उघडून बसत.

गंमत अशी की आजीचे गुडघे धरल्यावर तिला रोज देवळात नेत ते हे काकाच. आत ती जाई. हे पायरीवर तिच्या वहाणा सांभाळत बसत. 'आत चल' असे तिने कधी म्हटले नाही आणि 'जाऊ नकोस' असे त्यांनीही म्हटले नाही. कुलूप लावणारा आणि सुरुंग लावणारा हे दोघे एकाच घराण्यातले, असे मला वाटते. दुसऱ्याच्या अंतःकरणाची किल्ली आपल्या कनवटीला असावी, हीच दोघांचीही हौस.

बाबासाहेबांना मूर्तीच्या दर्शनाची आस नव्हती. देवळात शिरल्याने सारे प्रश्न सुटणार नाहीत, हे त्यांनी आरंभीच सांगितले होते. समोरचा आपल्याला माणूस समजतो की नाही, एवढे त्यांना पाहायचे होते. भाऊराव गायकवाडांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते दार पाच वर्षे धरून ठेवले. दार उघडले नाही. मग 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. देवळात जाण्याचा हक्क ज्याला असतो त्याला देऊळ नको म्हणण्याचाही असतो, हे तोवर कुणाच्या ध्यानातच आले नव्हते!

पुढची एकवीस वर्षे विचारात आणि अभ्यासात गेली. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात त्यांनी लाखो अनुयायांसह धम्म स्वीकारला. त्या धम्मात ईश्वर नाही. ईश्वराच्या जागी नीती आहे. चहा निववणाऱ्या माझ्या दोन्ही मित्रांची इथे पंचाईत होते: देवाशिवाय नीती उभी राहिली आणि रक्ताचा थेंब न सांडता लाखोंनी एक धर्म सोडून दुसरा धरला. काकांना मात्र हे कधीच पटले नाही. धर्म सोडायचा तर सोडून मोकळे व्हावे, दुसरा कशाला, असे ते अखेरपर्यंत म्हणत राहिले. म्हणोत बापडे.

नाही म्हणण्याची किंमत अजून मोजावी लागतेच. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या. देव सोडा असा हट्ट त्यांनी कुणापाशी धरला नव्हता. बुवाबाजी तपासून पाहा, एवढेच ते सांगत. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झटले, त्याचा वटहुकूम त्यांच्या मृत्यूनंतर काही दिवसांतच निघाला.

येवल्याची ती जागा आता मुक्तिभूमी म्हणून ओळखली जाते. काळारामाचे दारही आता सर्वांना उघडे आहे. मुक्तिभूमीवर येणाऱ्यांपैकी काही जण नाशिकला येऊन ते दार पाहून जातात; काही मुळीच येत नाहीत.