आलेखाचा चेलो, समुद्राचा ऑर्केस्ट्रा

डॅनियल क्रॉफर्ड या मिनेसोटा विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने 2013 मध्ये पृथ्वीचं तापमान चेलोवर वाजवलं. 1880 ते 2012 या काळातल्या प्रत्येक वर्षाला एक सूर. सगळ्यात थंड वर्ष 1909, त्याला चेलोच्या मोकळ्या तारेचा सगळ्यात खालचा सूर, आणि तिथून साधारण 0.03 अंश सेल्सियसमागे अर्धा स्वर वर. आधी खालीवर भटकणारे सूर शेवटी तारस्थानी जाऊन चिरकतात. वर्गात ऐकवायला हे उत्तम. पण दुसऱ्यांदा ऐकताना माझ्या हाती नवं काही लागत नाही, कारण पुढचा सूर कोणता हे आकड्यांनी आधीच ठरवून टाकलेलं असतं. आलेखावर नुसती नजर टाकली तरी कळतं, तेच इथे सावकाश कळतं. माहिती देण्यात संगीताने आलेखाशी स्पर्धा करू नये, असं माझं मत त्यामुळे होत गेलं.

आलेखाला जे जमत नाही ते जॉन लूथर ॲडम्स यांच्या ‘बिकम ओशन’मध्ये सापडतं. अनेक वर्षं अलास्कात राहिलेल्या या संगीतकाराची ही रचना सिएटल सिम्फनीने 2013 मध्ये पहिल्यांदा वाजवली आणि 2014 मध्ये तिला पुलित्झर मिळालं. सुमारे 42 मिनिटांची ही एकसंध रचना. फुंकवाद्यं, पितळी वाद्यं आणि तंतुवाद्यं असे तीन गट वेगवेगळे बसतात. प्रत्येक गट आपल्या गतीने फुगतो, ओसरतो. तिघांची भरती एकाच वेळी येते ती फक्त तीनदा. खालच्या पितळी वाद्यांचा आवाज नेमका कधी वाढला हे मला कधीच सांगता येत नाही. लक्षात येतं तेव्हा तो सगळीकडे भरून राहिलेला असतो. विलंबित ख्यालाला सरावलेल्या कानाला संथपणाचं काही वाटणार नाही, पण ख्यालात ठेका वेळ मोजून देतो आणि सम येणार हे ठाऊक असतं. इथे धरून बसायला सम नाही. हवामानबदलाची खरी अडचण हीच आहे: रोजच्या दिवसाच्या मापाने तो दिसत नाही. ते न दिसणं इथे कानाला जाणवतं.

यावर कुणी म्हणेल, शीर्षक काढून टाका, मग ही कुठल्याही समुद्राची रचना होईल. कबूल. वितळणारा बर्फ आणि चढता समुद्र हा संदर्भ ॲडम्स यांनी रचनेसोबत दिलेल्या टिपणातूनच येतो. पण मल्हार ऐकताना पाऊस जाणवतो तोही निव्वळ सुरांमुळे नव्हे; नाव, ऋतू, बंदिशीचे शब्द आणि पिढ्यांचे संस्कार सगळे तिथे हजर असतात. शब्दांचा आधार घेतला म्हणून संगीत कमी ठरत नाही. दुसरा आक्षेप असा, की याने एक टन कार्बनही कमी होत नाही. होत नाहीच, पण शोकगीताने मृत माणूस परत यावा अशी अपेक्षा कुणी करत नाही.

मला खरा टोचतो तो तिसरा आक्षेप. ही रचना मध्यावर उलटते आणि आलेल्या वाटेनेच परत जाते. म्हणजे इथलं पाणी शेवटी ओसरतं. वितळलेली हिमचादर अशी उलट्या क्रमाने, तितक्याच वेळात पुन्हा साचत नाही. बचाव म्हणून एवढं सांगता येतं, की परतीची वाट कानाला ओळखू येत नाही. मध्यानंतरही आणखी एक भरती उसळते आणि ती नवीच वाटते. तरीही आकृती पाहिली तर ती निसर्गाच्या सध्याच्या चालीपेक्षा दयाळू आहे. याबाबतीत क्रॉफर्डचा चेलो जास्त प्रामाणिक. तो वर जातो आणि तिथेच थांबतो.