कुर्माघर आणि फेफरे

फेफरे येणारी माणसे आम्ही पुष्कळ पाहिली होती. परंतु पुरुषाचे फेफरे निराळे आणि स्त्रीचे निराळे, हे आम्हांस प्रथम शिकविले ते भामरागडकडील एका माडिया म्हातारीने. तिच्या सुनेस झटके येत. ते केव्हा येतात, असे दुभाष्याकरवी विचारता ती म्हणाली, "कुर्मात बसायची वेळ आली की."

कुर्माघर म्हणजे ऋतुमती स्त्रीने पाळीचे दिवस काढावयाची गावकडेची झोपडी. १९८२ साली चंद्रपुरापासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात ही चाल अद्यापि आहे. आम्ही म्हातारीचे उत्तर तत्काळ भोळसटपणाच्या खाती जमा केले! पुढे वैद्यकाचे ग्रंथ चाळले, तेव्हा भोळसट कोण ते कळले. इस्ट्रोजेन हा स्त्रीरस मेंदूतील पेशींस चेतवितो. उलट प्रोजेस्टेरोनापासून होणारे द्रव्य त्यांस शांत ठेविते. पाळीच्या तोंडावर हे शांतविणारे द्रव्य एकाएकी ओसरते, आणि अपस्मारी स्त्रियांपैकी सुमारे एकतृतीयांशांस त्याच सुमारास झटके अधिक येतात. त्या अरण्यातील मेंदूस चढणारा हिवताप फेफऱ्याचे बीज स्त्रीपुरुष दोघांतही पेरतो. फेफरे पुरुषांत किंचित अधिकच आढळते. पण ही मासिक भरतीओहोटी पुरुषाच्या मेंदूस ठाऊक नाही.

म्हणजे ज्या रात्री झटक्याचे भय सर्वांत अधिक, नेमक्या त्याच रात्री ती बाई एकटी! कुशीवर वळवावयास कोणी नाही, आणि जवळ शेकोटी पेटलेली. त्या मुलुखातील एका दवाखान्यात तिला गोळ्या मिळत. तेथे झटके किती आले ते विचारीत. पाळीची तारीख कोणी विचारीत नसे, आणि परक्या पुरुषापुढे ती आपण होऊन सांगणार थोडीच? तारीख कळती, तर तेवढ्या दिवसांपुरती जादा गोळी देण्याचा विचार तरी वैद्याने केला असता. तरुण स्त्रीस कोणते औषध द्यावे हाही प्रश्न नाजूकच. व्हॅल्प्रोएट गर्भारपणी पोटात गेले, तर गर्भाच्या मेंदूस आणि कण्यास अपाय होऊ शकतो.

म्हातारीने मात्र आपला बंदोबस्त केला होता. सून कुर्मात बसली की ती दाराबाहेर बाज टाकून निजे. आत जाण्याची तिला मनाई होती.

"आणि झटका आला तर, आजी?" आम्ही विचारले.

"मग जाते आत. सकाळी आंघोळ करते."