पाठ टेकली तेव्हा



बऱ्याच महिन्यांनी लिहिते आहे. कितीतरी जणींनी निरोप पाठवून विचारलं, "दिसत नाहीस, बरी आहेस ना?" बरी आहे. ज्येष्ठ अमावस्येच्या सुमारास माझ्या मणक्याचं ऑपरेशन झालं. आज पहिल्यांदा सलग अर्धा तास खुर्चीत बसता आलं, म्हणून वही घेतली.

कंबरेतला चौथा मणका पाचव्यावरून पुढे सरकला होता आणि नस दाबली जात होती. आधी डाव्या पायाला नुसत्या मुंग्या यायच्या. मग मंदिराच्या पायऱ्या चढताना पाऊल कुठे पडतंय तेच कळेना. गोळ्या, व्यायाम, पट्टा, इंजेक्शन सगळं करून झालं. शेवटी डॉक्टरांनी दोन मणके चार स्क्रू आणि दोन सळ्यांनी बांधले, मधली झिजलेली गादी काढून तिथे एक छोटा पिंजरा बसवला, आणि ऑपरेशनमध्ये काढलेलं माझंच हाड बारीक करून त्यात भरलं. "स्क्रू फक्त धरून ठेवतात, जुळायचं काम हाडानंच करायचं असतं. त्याला काही महिने लागणार," असं त्यांनी समजावलं.

घरी सोडताना तीन गोष्टी बजावल्या. वाकायचं नाही, कंबर पिळायची नाही, दोन किलोपेक्षा जास्त उचलायचं नाही. मी मान डोलावली. घरी आल्यावर कळलं, आपल्या घरात वाकल्याशिवाय काही होतच नाही. पाण्याचा हंडा, देवघर, धान्य निवडणं, परातीत कणीक मळणं, मोठ्यांच्या पाया पडणं, सगळं वाकूनच. तीस वर्षं मी ज्याला माझा धर्म म्हणत होते, तो सगळा माझ्या कंबरेवर उभा होता.

काही कामाच्या गोष्टी आधी सांगते, कुणाच्या तरी उपयोगी पडतील. अंथरुणातून सरळ उठायचं नाही. गुडघे वाकवायचे, खांदे आणि कंबर एकदम, लाकडाच्या ओंडक्यासारखी, कुशीवर वळवायची, पाय खाली सोडायचे आणि हाताने रेटा देऊन बसायचं. नर्सने माझ्याकडून हे दहा वेळा करून घेतलं. पलंग उंच हवा, कमोड उंच हवा, रोज लागणाऱ्या वस्तू कमरेच्या उंचीवर हव्यात. खाली पडलेलं उचलायला लांब दांड्याचा चिमटा मिळतो, तो घ्याच.

औषधांचं बोलणं मी ऑपरेशनच्या आधीच करून घेतलं होतं. मला रात्रिभोजनाचा त्याग आहे, पाण्याची आणि औषधाची सूट ठेवली आहे. डॉक्टरांना तसं सांगितल्यावर त्यांनी जेवणानंतरच्या गोळ्या सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी सहाच्या जेवणावर बसवून दिल्या. रात्रीची एकच राहिली, ती नुसत्या पाण्याबरोबर चालणारी होती. कॅप्सूलचंही विचारलं. बहुतेक कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्याचं असतं. पुष्कळदा तेच औषध गोळीत मिळतं. पण आपल्या मनाने कॅप्सूल फोडून आतली पावडर घेऊ नका, आणि औषध तर मुळीच बंद करू नका. विचारायला लाज वाटू देऊ नका, एवढंच माझं म्हणणं.

दुखण्याच्या गोळ्यांनी पोट गच्च होतं, हे मात्र मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. त्यात चातुर्मास लागला, पालेभाजी बंद. अंजीर आपल्याला चालत नाही. मग दुधी, दोडका, पडवळ, पपई, मुगाचं पातळ वरण, आणि डॉक्टरांना विचारून इसबगोल. हाडासाठी नाचणी, पण आंबील नको, ताजी पेज. ताप आला, टाके ओले दिसले, पोटरी सुजली, पायातला जोर कमी झाला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन करायचा. तो कागद आम्ही कपाटाच्या दारावर चिकटवला होता.

आता खरं सांगायचं ते.

पहिले आठ दिवस लेक पुण्याहून आली होती. ती गेल्यावर प्रश्न आला, पाणी कोण गाळणार? आमच्या परसात आड आहे, पिण्याचं पाणी अजून त्याचंच. दुहेरी कापडातून गाळायचं, गाळण्यावरची जिवाणी परत आडात सोडायची. हे मदत करायला तयार होते, पण त्यांचा खांदा दुखरा. तेव्हा खालच्या घरातल्या माझ्या मोठ्या जाऊबाई, आम्ही त्यांना अक्का म्हणतो, सकाळी सहाला आल्या. कुणी बोलावलं नव्हतं. हंडा उचलला आणि आडावर गेल्या.

आमचं बोलणं बंद नव्हतं, पण कामापुरतंच होतं. बारा वर्षांपूर्वी सासूबाईंना अर्धांगवायू झाला. दीड वर्ष त्या अंथरुणावर होत्या. अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं, सगळं मी केलं. अक्का दारात यायच्या, पाच मिनिटं बसायच्या, जायच्या. हा हिशोब मी मनात जपून ठेवला होता. लोक माझं कौतुक करायचे तेव्हा मी गप्प राहायचे, पण अक्कांकडे एकदा बघून घ्यायचे. मैत्रिणींनो, खोटं कशाला सांगू?

तर त्या रोज येऊ लागल्या. पाणी, भाकरी, माझी वेणी. अभिषेकाहून येताना वाटीत गंधोदक आणायच्या. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "पाठीला लावा." त्या म्हणाल्या, "टाक्यांना नाही हो बाई, कपाळाला," आणि दोघी हसलो. हसताना टाके ओढले.

आणि मी काय करत होते? पलंगावरून हुकूम सोडत होते. "गाळणं दुहेरी केलंत का? जिवाणी सोडली का? गाळून दोन घडी होऊन गेल्या असतील, परत गाळा. उकळलेलं कालचं नाही ना?" पाठ टेकली होती, पण मी स्वयंपाकघरातच उभी होते.

सामायिक मात्र सुटलं होतं. वीस मिनिटांच्या वर बसवत नव्हतं, उभं राहणं त्याहून कमी. पलंगासमोर कुंभोजच्या बाहुबलीचं कॅलेंडर आहे. अठ्ठावीस फुटांची ती मूर्ती, कायोत्सर्गात ताठ उभी, अंगावर वेली. ते बघून मला रडू यायचं. पडून सामायिक केलेलं चालतं का, हे कुणाला विचारू? आमच्या मंदिरात त्या वर्षी माताजींचा चातुर्मास होता. अक्काच म्हणाल्या, "मी विचारून येते."

दुपारी स्वाध्यायाहून त्या परत आल्या, पलंगाशी बसल्या आणि जसं ऐकलं तसं सांगितलं. मूलाचारात कायोत्सर्गाचे चार प्रकार सांगितले आहेत. शरीर उभं आणि मनही शुभ ध्यानात उभं, तो पहिला. शरीर उभं, पण मन आर्त-रौद्रात बसलेलं, तो दुसरा. शरीर बसलेलं पण मन उभं, तो तिसरा. आणि शरीरही बसलेलं, मनही बसलेलं, तो चौथा. "माताजी म्हणाल्या, आजारी माणसानं शरीराला झेपेल तसं करावं. मन कुठे आहे तेवढं बघावं."

अक्का पेज गरम करायला गेल्या. मी छताकडे बघत पडले होते. इतकी वर्षं मंदिरात उभी राहिले तेव्हा मन कुठे होतं? कुकरच्या शिट्टीत, आणि अक्का आज आल्या का नाही, हे बघण्यात. दुसरा प्रकार मी किती वर्षं निष्ठेनं केला होता!

त्या पेज घेऊन आल्या तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "अक्का, सासूबाईंच्या वेळी तुम्ही असं का नाही केलंत?"

त्यांनी चमचा वाटीत ठेवला. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मी केलं असतं गं. तू कुणाला हातच लावू दिला नाहीस. मी एकदा त्यांची चादर बदलली, तर तू ती काढून परत घातलीस. मग मी दारातूनच जाऊ लागले."

मला ती चादर आठवत नव्हती. मग आठवली. निळ्या काठांची होती. त्यांनी घातलेली जरा चुरगळली होती, एवढंच.

आपल्याकडे वैयावृत्त्य हे अंतरंग तप मानलं आहे, सोळाकारण भावनांमध्येही ते आहे. मी त्यातलं सेवा करणाऱ्याचं पुण्य तेवढं ऐकलं होतं. ते पुण्य मी एकटीनं धरून ठेवलं, दुसऱ्या सुनेच्या वाट्याला येऊच दिलं नाही, हे मला बारा वर्षांनी, पाठीवर पडल्यावर कळलं. सेवा केली ती खरीच केली, तिचा मला पश्चात्ताप नाही. पण तिच्या पोटात मान कषाय किती वाढला, ते मी बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी पलंगावरून विचारणं बंद केलं. सोपं नव्हतं. आडावर हंड्याचा आवाज आला की जीभ वळवळायची. तेव्हा डोळे मिटून णमोकार म्हणायचे. पडूनच. कधी मन उभं राहायचं, कधी पुन्हा बसायचं.

दशलक्षण पर्वात सकाळी गल्लीच्या टोकापर्यंत काठी घेऊन चालता येऊ लागलं. क्षमावाणीला हे आणि अक्का दोघांच्या मधून हळूहळू मंदिरात गेले. दरवर्षी मी अक्कांना वाकून नमस्कार करते आणि "उत्तम क्षमा" म्हणून पुढच्या बाईकडे वळते. यंदा वाकायची मनाई होती. मी त्यांचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, "अक्का, त्या चादरीची क्षमा करा."

त्या म्हणाल्या, "चल, उन्हं चढायच्या आत घरी जाऊ. तुला फार वेळ उभं राहायचं नाही."

काल तपासणी झाली. हाड जुळायला लागलं आहे, पण अजून वेळ आहे, असं डॉक्टर म्हणाले. पाणी अजून अक्काच गाळतात. गाळणं दुहेरी आहे का, ते मी विचारत नाही.

जय जिनेंद्र.