स्टॉकवर टिकतो का?

जुना प्रोसेसर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक, त्यातही इंजिनिअरिंगचं पोरगं असेल तर, एक प्रश्न विचारतंच: “भाऊ, ओव्हरक्लॉक तर नाही ना केला याले?” मी सांगतो, की ते कळायला मार्ग नाही. हे उत्तर कुणाला पचत नाही. दुकानदार काहीतरी लपवतोय असंच वाटतं.

पण खरंच मार्ग नाही. स्कूटरला किलोमीटरचा काटा तरी असतो. तो मागे फिरवता येतो ही गोष्ट वेगळी. प्रोसेसरला तसलं काहीच नसतं. वेग वाढवायची सेटिंग बायोसमध्ये केली जाते आणि मदरबोर्डवरच राहते. चिप सॉकेटातून उचलली की तिची हकिगत बोर्डाकडेच मागे पडते. (म्हणून बोर्डासकट माल आला तर मी आधी बायोसमधली सेव्ह केलेली प्रोफाइल उघडून बघतो. विकणारे डेस्कटॉपवरचे फोटो आठवणीने पुसतात, ही प्रोफाइल विसरतात.) एएमडीच्या थ्रेडरिपर ७००० मालिकेत ओव्हरक्लॉकिंग चालू केलं की आत एक फ्यूज कायमचा उडतो, हे कंपनीनेच मान्य केलंय. पण थ्रेडरिपर नागपुरात माझ्या टेबलावर कशाला येतोय!

माझ्याकडे येतो तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमधून कुरिअरने आलेला माल. सोबत एक ठरलेलं वाक्य येतं: “ऑफिस यूज का माल है, भाई.” ते मी ऐकतो आणि मॉडेल नंबर बघतो. इंटेलच्या साध्या डेस्कटॉप मालात शेवटी ‘के’ नसेल तर काळजीचं फारसं कारण नाही, त्याचा वेग ठरवणारा गुणक बहुतेक कुलूपबंद असतो. अपवाद निघतात, २०१४ चा पेंटियम जी३२५८ ‘के’शिवायच खुला होता. एएमडीचं उलटं. रायझनचे डेस्कटॉप प्रोसेसर जवळजवळ सगळेच खुले, ५८००एक्स३डीसारखा एखादा सोडला तर. मग पुढचा प्रश्न, तो कुठल्या बोर्डावर बसला होता? एच८१ किंवा ए३२०सारखा साधा बोर्ड म्हणाला तर मी पुढे विचारत नाही. ‘झेड’वाला बोर्ड आणि मोठा वॉटर कूलर म्हणाला, तर खुर्ची ओढून बसतो.

डोळ्यांनी दिसण्यासारखं थोडंच असतं, पण जे दिसतं ते ठळक असतं. २०१२ च्या आयव्ही ब्रिजपासून इंटेलने झाकणाखाली सोल्डरऐवजी साधी पेस्ट भरायला सुरुवात केली आणि हौशी मंडळी ब्लेडने नाहीतर व्हाइसमध्ये धरून झाकण उघडू लागली. असं झाकण परत बसवलं की केसभर तिरकं बसतं, कडेला काळ्या सीलंटचे तुकडे राहतात, हिरव्या पट्टीवर ओरखडा दिसतो. लिक्विड मेटल लावलं असेल तर झाकणावर राखाडी डाग पडतो, तो स्पिरिटने जात नाही, वर छापलेली अक्षरंही पुसट होतात. कुणी झाकण पॉलिश पेपरवर घासून सपाट केलेलं असतं, मग निकेल जाऊन खालचं तांबं चमकतं. यातलं काही दिसलं तर चिप कुणाच्या हातात होती ते कळतं. काही न दिसणं मात्र कशाचाच पुरावा नाही, कारण बायोसमध्ये आकडा बदलताना झाकणाला कुणी बोटही लावत नाही.

मुळात नुसत्या वेगाने चिप मरत नाही. मारतात ते व्होल्टेज आणि उष्णता. चिप चालताना खाते ती वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. आय-सेव्हन २६००के घ्या, २०११ चा, हौशी लोकांचा लाडका. मूळ वेग ३.४ गिगाहर्ट्झ, तो ४.५ वर नेला आणि त्यासाठी व्होल्टेज १.२ वरून १.४ केलं, तर वेगामुळे वीज बत्तीस टक्के वाढते आणि व्होल्टेजमुळे छत्तीस. दोन्हींचा गुणाकार केला की जवळजवळ ऐंशी टक्के. त्या उष्णतेत, त्या प्रवाहात आतल्या सूक्ष्म तारांमधले धातूचे अणू इलेक्ट्रॉनच्या रेट्याने हळूहळू सरकतात. जेम्स ब्लॅकने १९६९ मध्ये याचं सूत्र मांडलं, त्यात तापमान घातांकात बसलंय. ट्रान्झिस्टरही थकतात, पूर्वी जेवढ्या व्होल्टेजला उघडायचे त्याहून थोडं जास्त मागतात. याला आम्ही ‘डिग्रेड’ झाली म्हणतो.

ही थकावट मात्र पकडता येते, कारण कंपनीने दिलेल्या व्होल्टेजमध्ये थोडी शिल्लक ठेवलेली असते आणि डिग्रेड चिपने ती खाल्लेली असते. मी बायोस डिफॉल्टवर, म्हणजे स्टॉकवर, आणतो. रॅम माझी, खात्रीची, आणि एक्सएमपी, म्हणजे रॅम वाढीव वेगाने चालवायची सेटिंग, बंद. नाहीतर रॅमचं पाप प्रोसेसरच्या माथी लागतं. मग प्राइम९५. तो स्वतःचं गणित स्वतःच तपासतो, त्यामुळे मशीन बंद पडायच्या आधीच चूक दाखवतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हीया लॉगर’च्या, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या, नोंदी आल्या का, तेही बघतो. रायझनला एवढ्यावर सोडत नाही. सगळे कोअर दामटले की वेग खाली राहतो आणि दुखणं झाकलं जातं. एकेक कोअर एकटा पळवला, की तो सगळ्यात वरच्या वेगाला जातो आणि तिथे लटपटतो. गिऱ्हाईक म्हणतं, “गेम चालते, पण नुसतं ब्राउझर उघडलं की रीस्टार्ट होतो,” ते याच जातीचं.

इथे आमच्या गावाची एक खास अडचण. मे महिन्यात दुकानात वाळ्याचा कूलर लावूनही हवा पस्तिशीच्या खाली येत नाही. इंटेलची बहुतेक मर्यादा १०० अंश, रायझन ५००० ची बहुतांशी ९०. मर्यादा गाठली की चिप आपणहून वेग कमी करते, आणि कमी वेगावर थकलेली चिपही पास होते! म्हणून चाचणी चालू असताना माझी नजर तापमानापेक्षा गिगाहर्ट्झच्या आकड्यावर असते. तो पडला, तर निकाल बाद. उन्हाळ्यात पक्की चाचणी मी सकाळी सहाला लावतो.

चूक आलीच, तर व्होल्टेज ०.०५ ने वाढवून बघतो. तेवढ्याने चुका थांबल्या, की चिप थकलेली आहे. ती परत पाठवतो.

२०२४ नंतर मात्र ‘ओव्हरक्लॉक केलाय का’ या प्रश्नातली हवाच गेली. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतले वरचे प्रोसेसर कुणी हात न लावताही डिग्रेड झाले. चिपच जास्त व्होल्टेज मागत होती आणि बोर्ड ते देत होता. २०२४ च्या ऑगस्टपासून दुरुस्त मायक्रोकोड आले, वॉरंटी दोन वर्षांनी वाढली, पण झालेली झीज मायक्रोकोडने भरून येत नाही. तिथे “डब्यातून काढून नुसता चालवला” हे सांगणं आश्वासन राहिलेलं नाही. बिल आणि चालू वॉरंटी नसेल तर त्या पिढीचा आय-नाइन मी घेत नाही, मग तो ऑफिसात होता की देव्हाऱ्यात.

उलट एखादा हौशी येतो, कागद काढतो आणि सांगतो, “४.४ वर चालवला, १.३ च्या वर कधी नेला नाही, कूलर हा होता.” त्याने व्होल्टेजचा आकडा न विचारता सांगितला, याला माझ्या लेखी किंमत आहे. त्याचा २६००केसुद्धा मी डिफॉल्टवर रात्रभर पळवतो. सकाळी चूक नसली, तर ऑफिसच्या मालाइतकाच भाव देतो. कूलरही विकणार असेल, तर तोही ठेवून घेतो.