शिल्लक जागा : 4

माझा भाचा सुट्टीला येतो तो आकाशगंगेतलं आपलं साम्राज्य सोबत घेऊनच. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर, चार्जर फ्रिजशेजारच्या प्लगमध्ये, आणि 'स्टेलॅरिस' सुरू. 2016 साली आलेला हा खेळ. एका ग्रहापासून सुरुवात करायची, शेजारच्या ताऱ्यांवर वस्ती करायची, शोध लावायचे, आरमार बांधायचं, आणि मग कुणाशी तरी भांडण निघतंच. मागच्या मे महिन्यात मी आंबे चिरता चिरता त्याच्या खांद्यावरून बघत होतो. नवीन शस्त्राचा शोध लागल्याची सूचना आली. आता हा जहाजाचा आराखडा उघडणार म्हणून मी सुरी खाली ठेवली. त्यानं सूचनेवर टिचकी मारली आणि ती घालवून टाकली.

"अरे, बघ तरी काय आलंय ते!"

"ऑटोवर आहे, मामा. ते आपलं आपण बसवतं."

मी परत आंबे चिरायला लागलो. पण मनात काहीतरी खुपलं ते खुपलंच. माझ्या तरुणपणातली निम्मी जागरणं ज्या एका खिडकीसमोर गेली, ती या पोरानं उघडलीसुद्धा नव्हती.

माझी ती आराखड्याची खिडकी 'मास्टर ऑफ ओरायन 2'ची. खेळ 1996चा, माझ्या हाती लागला दोनेक वर्षांनी, आमच्या खोलीवरच्या सेकंडहँड पेंटियमवर. कॉम्प्युटर तिघांत मिळून एक, त्यामुळे पाळ्या लावलेल्या. माझी पाळी रात्री अकरानंतरची. आधी सांगाड्याचा आकार निवडायचा: फ्रिगेटपासून क्रूझर, बॅटलशिप करत थेट डूम स्टारपर्यंत सहा आकार, मोठे अर्थात शोध लागल्यावरच. मग शस्त्रं. तोच लेझर, पण जड बैठकीवर बसवला तर लांबवर मारा करतो आणि जागा दुप्पट खातो. छोटा करून बसवला तर अंगावर येणारी क्षेपणास्त्रं टिपतो, पण जहाजांवर त्याचा फारसा उपयोग नाही. क्षेपणास्त्रं घ्यायची तर किती फैरींची? दोन, पाच, दहा? जितक्या जास्त फैरी तितकी जास्त जागा. आणि या सगळ्यावर डोळे वटारून बसलेला एक आकडा, शिल्लक जागेचा. लेझर वाढवला की तो उतरणार, चिलखत हवं म्हटलं की आणखी काहीतरी काढावं लागणार. विमानात सात किलोची बॅग भरणाऱ्याला हे दुःख लगेच कळेल. शेवटी 4 जागा उरायची, आणि चारात बसेल असं जगात काहीही नसायचं.

माझं एक लाडकं जहाज होतं. हळू चालणारं, जाडजूड, मारा बेताचा पण मार खायला भक्कम. त्याचं नाव मी 'मावशी' ठेवलं होतं. मावशी पुढे जाऊन सगळ्या तोफा अंगावर घ्यायची आणि मागून माझी चिल्लर जहाजं दोन दोन फैरी झाडून पळून जायची. हा दोन फैरींचा डाव काही माझा शोध नव्हे. तो खेळ खेळलेल्या कुणालाही विचारा, तो हसेल आणि मान डोलावेल. पण मावशी माझी होती. शोध पुढे सरकले की जुनी शस्त्रं आकारानं लहान होतात हा त्या खेळातला नियम मला फार आवडायचा. पन्नास पाळ्यांनी परत आराखडा उघडावा तर त्याच पोटात आणखी दोन लेझर मावतात. मग पुन्हा तासभर मांडामांड.

आता खरं ते सांगतो. खोलीतला आमचा तिसरा भिडू आराखड्याच्या वाटेला कधी गेला नाही. सुरुवातीला जो सांगाडा समोर आला तोच त्यानं शेवटपर्यंत बांधला. फक्त बांधत राहिला. माझी मावशी दहाव्यांदा नटत होती तेव्हा त्यानं ग्रह भरले, शेतकऱ्यांना कामगार केलं, कारखाने वाढवले. एका शनिवारी रात्री समोरासमोर खेळलो. माझी तीन जहाजं होती, एकेक म्हणजे कलाकुसर. त्याची मोजायला मला वरखाली करावं लागलं. मावशी किती टिकली हे सांगण्यासारखं नाही.

तेव्हा 'आराखड्यानं फरक पडतो का' या प्रश्नाचं एक उत्तर मला त्या रात्रीच मिळालं होतं: पडतो, पण तुमच्या मागे धान्य आणि लोखंड असेल तर. या जातीच्या खेळांना इंग्रजीत 'फोर एक्स' म्हणतात. 1993 मध्ये अ‍ॅलन एमरिक यांनी 'कम्प्युटर गेमिंग वर्ल्ड' मासिकात पहिल्या 'मास्टर ऑफ ओरायन'ची ओळख करून देताना ही चार एक्सची गंमत केली. मराठीत म्हणायचं तर शोधा, पसरा, उपसा, संपवा. 'घडवा' असं काही त्या चारांत नाही. ज्या खेळाची जान, माझ्या मते, आराखड्याच्या खिडकीत आहे, त्याच्या बारशालाच ती खिडकी वगळली गेली.

तो पहिला खेळ मी दुसऱ्याच्या नंतर खेळलो, उलट्या क्रमानं. त्यात एक निर्दय नियम आहे. एका वेळी सहाच आराखडे ठेवता येतात. सातवा करायचा तर सहातला एक पुसायचा. आणि आराखडा पुसला की त्या आराखड्याची सगळी जहाजं भंगारात. कुठल्या दूरच्या ताऱ्याशी पहारा देत उभी असलेली, लढाई जिंकून परतीच्या वाटेवर असलेली, सगळी, एका टिचकीत. दुसऱ्या भागात ही सक्ती सैल झाली, खेळणाऱ्यांना हायसं वाटलं असणार. मला मात्र तो जुना नियमच शहाणा वाटतो. नवीन काही काढण्याआधी जुनं कोणतं मोडायचं हे तिथं ठरवावंच लागतं, आणि मोडताना हात थरथरतो. आमच्या घरातल्या माळ्याला हा नियम लावता आला असता तर!

अशा खेळात आराखडाच सर्वस्व झाला तर काय होतं, याची हकीकत मात्र व्हिडिओ गेममधली नाही, कागदी खेळातली आहे. 'ट्रॅव्हलर' हा टेबलावर खेळायचा अंतराळातला खेळ. त्यात प्रत्येकानं एक लाख कोटी क्रेडिटच्या अंदाजपत्रकात आरमार उभं करायचं आणि ते दुसऱ्याच्या आरमाराशी भिडवायचं, अशी स्पर्धा असे. 1981 साली कॅलिफोर्नियातल्या सॅन मॅटिओमध्ये ती भरली. तिथं डग्लस लेनाट नावाचे संगणकशास्त्रज्ञ उतरले, ज्यांनी हा खेळ आधी कधीच खेळला नव्हता. खेळला होता तो त्यांचा 'युरिस्को' हा प्रोग्रॅम. नियमांचं जाडजूड बाड त्याला घातलं, रात्रभर तो आरमारं आपापसांत लढवायचा, सकाळी लेनाट येऊन निकाल चाळायचे, वेडगळ कल्पना खुडून टाकायचे, आणि रात्री पुन्हा तेच. निघालं काय? 96 जहाजं. बहुतेक सगळी छोटी, मंद, जाड चिलखताची. त्यांतली 75 एकाच साच्यातली. समोरच्यांची आरमारं साधारण वीस डौलदार जहाजांची. लोक हसले. मग हरले.

पुढच्या वर्षी आयोजकांनी नियम बदलले, चपळाईला भाव दिला. युरिस्कोनं नवीन तोड काढली: लढाईत जखमी होऊन मागे रेंगाळणारं आपलंच जहाज आपणच उडवून द्यायचं, म्हणजे उरलेल्या ताफ्याची चपळाई पुन्हा वाढते. 1982लाही तेच जिंकले. मग आयोजक म्हणाले, तुम्ही पुन्हा जिंकलात तर आम्ही स्पर्धाच बंद करू. लेनाट थांबले.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला मनातून आनंद झाला होता, कारण त्या 75 जहाजांत मला मावशीच दिसली. नंतर विचार करता आनंद ओसरला. त्या स्पर्धेत लढाई घरीच, रात्री, लढून झालेली होती, सॅन मॅटिओत फक्त निकाल वाचला गेला. आराखड्यावरच सगळं ठरत असेल तर टेबलाशी बसून करायला उरतं काय? आणि आराखड्यानं काहीच ठरत नसेल तर ती खिडकी हवी कशाला? या दोन टोकांच्या मधे कुठेतरी एक बरी जागा आहे. ती शोधताना बरेच खेळ घसरले आहेत. 2006 सालच्या 'गॅलॅक्टिक सिव्हिलायझेशन्स 2'मध्ये शस्त्रं तीन आणि त्यांच्यावरचे उतारे तीन, इतका साधा हिशेब आहे. पण जहाजावर पंख, शेपट्या, शिंगं, दिवे हवे तेवढे लावा. त्याला ना जागा लागते ना पैसा, आणि लढाईत त्याचा छदामही उपयोग नाही. मी चिडायला हवं होतं, पण नाही चिडलो. नारळी पौर्णिमेच्या आधी किनाऱ्यावर होड्यांना रंग देताना मी पाहिलं आहे. त्या रंगानं मासळी जास्त मिळते असं कुणाचं म्हणणं नसतं.

आपल्याकडे या विषयावर एक जुनं, रोखठोक लेखन आहे. रामचंद्रपंत अमात्यांचं 'आज्ञापत्र', अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. त्यात आरमाराचं प्रकरण आहे आणि ते वाचताना मला नेहमी शिल्लक जागेचा आकडा दिसतो. गुराबा, म्हणजे शिडांच्या लढाऊ नौका, फार मोठ्या नकोत, फार लहान नकोत, मध्यम असाव्यात. नुसत्या वाऱ्यावर अवलंबून राहणारी अजस्र जहाजं बांधायचं कारण नाही. हे पुस्तकी तत्त्व नव्हे. समोर कोण आहे आणि किनारा कसा आहे हे पाहून ठरवलेलं माप आहे. वारा पडला की मोठं जहाज पाण्यावर खिळून राहतं, आणि वल्ह्यांची गलबतं गुराबेला दोर लावून ओढत नेऊ शकतात. त्याच प्रकरणात लाकडाचीही गोष्ट आहे: आंबा-फणसाच्या झाडांना हात लावू नये, कारण रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. कुठल्याही अंतराळ-खेळात मी असा नियम पाहिलेला नाही. तिथं खनिज संपतं, पण कुणाच्या परसातलं काही तुटत नाही.

खऱ्या जहाजाला आणखी एक खोड असते, ते बुडतं. स्वीडनच्या राजानं हौसेनं बांधून घेतलेलं 'वासा' 64 तोफा घेऊन निघालं. निघायच्या आधी धक्क्यावरच तीस खलाशांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवून पाहिलं होतं, आणि जहाज इतकं झुकायला लागलं की चाचणी थांबवावी लागली. राजा दूर लढाईवर आणि घाईत, त्याला सांगणार कोण? 10 ऑगस्ट 1628 रोजी वासा स्टॉकहोमच्या बंदरातून निघालं, जेमतेम तेराशे मीटर गेलं, झुळुकीनं कलंडलं आणि तळाशी गेलं. खेळातला आराखडा असा तुमच्या अंगावर कोसळत नाही. जागा संपली की कॉम्प्युटर सरळ 'नाही' म्हणतो. तीस खलाशी पळवायची वेळ तुमच्यावर येतच नाही. मग तुमच्या हातून होण्यासारखी एकच चूक उरते: शत्रूबद्दलचा अंदाज.

आणि म्हणून मला भाच्याच्या त्या टिचकीचं जास्त वाईट वाटलं. 'स्टेलॅरिस'मध्ये लढाई सुरू झाली की ती तुमच्या हातात नसते. जहाजं आपापली लढतात, तुम्ही बघत बसायचं, फार तर माघारीचा हुकूम द्यायचा. मावशीला मी निदान पुढे-मागे करू शकत होतो. इथं आराखडा हाच तुमचा शेवटचा शब्द. लेझर चिलखत चिरतात पण ऊर्जाकवचापुढे दुबळे पडतात, गोळे फेकणाऱ्या तोफांचं नेमकं उलट, क्षेपणास्त्रं कवच ओलांडून जातात पण वाटेत टिपली जातात. मूल शाळेत गेलं की त्याच्या डब्यात काय आहे तेवढंच तुमच्या हातात होतं, तसं. आणि डबा ऑटोवर?

हे सगळं मी त्याला ऐकवलं. आंब्याच्या फोडी संपेपर्यंत त्यानं ऐकलं आणि "हं" म्हणाला.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला, रात्री साडेअकराला. त्याचं अख्खं आरमार एका लढाईत गेलं होतं. कुणी शेजारी, आकाशगंगेच्या पलीकडच्या भुजेतला, बरीच वर्षं गप्प बसलेला.

"मामा, काय बसवू?"

मला इतका आनंद झाला की मी अंथरुणात उठून बसलो. "आधी त्याच्याकडे काय आहे ते बघ. कवच जास्त की चिलखत?"

"दिसत नाही ना. त्याच्याबद्दलची माहितीच नाहीये माझ्याकडे, हेर पाठवले नव्हते."

"लढाईचा अहवाल?"

"तो मी बंद केला. राग आला होता."

"मग अंदाज कर."

पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग तो म्हणाला, "म्हणजे ऑटोलाही दिसत नव्हतं."

"त्याला कुठून दिसणार?"

"मला वाटायचं त्याला माहीत असतं."

पुन्हा शांतता. मग माऊसच्या टिचक्या ऐकू यायला लागल्या, एक, एक, थांबून आणखी एक. मी फोन कानाला लावून बसून राहिलो. बऱ्याच वेळानं तो स्वतःशीच पुटपुटला, "हे काढलं तर ते बसतं... पण मग हे नाही बसत," आणि फोन चालू आहे हे तो विसरून गेला.